मंद आचेवरची डाळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या घरांत स्लो कुकर अजून पाहुणाच आहे. परदेशातली लेक किंवा भाचा तो कौतुकाने आणतो आणि दोन महिन्यांत त्याची रवानगी माळ्यावर होते. ‘यात आमची डाळच शिजत नाही हो,’ ही तक्रार मी बऱ्याच घरांत ऐकली आहे. गंमत अशी, की हे भांडे जन्मले तेच मुळी कडधान्यासाठी.

यहुदी घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, असा दंडक. म्हणून लिथुआनियातल्या बायका शुक्रवारी सूर्य मावळण्याआधीच शेंगदाण्यांसारखे टपोरे घेवड्याचे दाणे, बटाटे, जव आणि असले तर मांस एका भांड्यात घालून ते गावच्या भट्टीत ठेवत. भट्टीच्या उरलेल्या उबेवर रात्रभर शिजणारा हा पदार्थ म्हणजे चोलंट. घरच्या या आठवणीवरून अमेरिकेत इर्व्हिंग नॅक्सन यांनी विजेचे भांडे बनवले. त्याचे पेटंट त्यांना 1940 मध्ये मिळाले. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आला. धर्माने घातलेल्या मर्यादेतून असे चविष्ट काही निघावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता डाळ का शिजत नाही ते पाहू. बहुतेक वेळा दोष आंबटाचा असतो. चिंच, आमसूल, टोमॅटो सुरुवातीलाच घातले, की दाण्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसतात. विहिरीचे जड पाणीही तेच करते. आंबट नेहमी शेवटच्या अर्ध्या तासात घालावे. दुसरे म्हणजे झाकण. सारखे उघडून पाहिले, की साठलेली ऊब जाते आणि ती पुन्हा जमायला वीसेक मिनिटे लागतात. पाणी मात्र चुलीपेक्षा कमी घाला, कारण वाफ बाहेर न जाता भांड्यातच परतते. बटाटा, गाजर तळाशी, पालेभाजी अखेरीस. मोहरी या भांड्यात कधीच तडतडणार नाही. फोडणी कढल्यातच करावी लागते.

राजम्याविषयी मात्र कळकळीने सांगतो. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, लेक्टिन जातीचे एक विषारी द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जबर उलट्या सुरू होऊ शकतात. उकळत्या पाण्यात ते नष्ट होते. पण 80 अंशांच्या आसपास नुसते तापत राहिले, तर त्याचा जोर उलट कित्येक पटींनी वाढू शकतो, आणि मंद भांड्यात नेमके हेच घडण्याचा धोका असतो. दाणा मऊ लागला म्हणजे विष गेले, असे समजू नका. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात चुलीवर 30 मिनिटे खळखळून उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. प्रेशर कुकरमध्ये ही भीती नाही, तिथले तापमान शंभराच्या वर जाते. मूग-मसुरीच्या डाळींबाबत एवढी धास्ती नको.

या भांड्याला खरा शोभतो तो आमचा मोहरमचा खिचडा. एरवी त्यात मांस असते. ते वगळून, तुपाऐवजी तेल वापरले, की तो व्हीगन पाहुण्यालाही चालतो. एक वाटी सडलेले गहू रात्रभर भिजवावेत. हरभरा, तूर, मसूर, मूग या डाळी मिळून अर्धी वाटी, आले-लसूण, हळद, थोडा गरम मसाला आणि सहा वाट्या उकळते पाणी घालून मंद आचेवर आठ तास ठेवावे. शेवटी रवीने घोटावे आणि मीठ घालावे. कांदा वेगळा, चांगला तांबूस तळून वर पसरावा. पुदिना चिरून ठेवा, लिंबू ज्याने त्याने आपल्या ताटात पिळावे.