अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं तर

दोन-तीन वर्षं कोरडं झोपणारं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, की घरात रागावणं सुरू होतं. रागावू नका, त्याची साखर तपासा. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीतून जाऊ लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून मूल रात्री उठून तांब्याभर पाणी घटाघटा पितं. भरपूर जेवूनही चड्डी कमरेवरून घसरते. लघवीला मुंग्या लागतात.

हे बहुधा काही आठवड्यांतच घडतं. ‘उन्हाळा आहे’, ‘उंची वाढतेय’ म्हणत दिवस गेले तर रक्तात आम्ल साचतं. मग उलट्या, पोटदुखी, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. पोट बिघडलं किंवा न्यूमोनिया झाला असं समजून इथेच घात होतो. एरवी उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. इथे ती होतच राहते. ही खूण मला फार मोलाची वाटते.

बोटातून थेंबभर रक्त आणि ग्लुकोमीटर, एवढंच लागतं. अशा लक्षणांसोबत आकडा 200 किंवा जास्त आला, तर उपाशीपोटीच्या तपासणीसाठी सकाळपर्यंत थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.