धुक्यापुढे इन्फ्रारेडची दादागिरी चालत नाही

इन्फ्रारेड कॅमेरा लावला की दाट धुक्यातलंही आरपार दिसतं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. धुक्याला मात्र हे कुणी विचारलेलं नाही.

सगळा मामला मापाचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर पाऊण मायक्रोमीटरच्या आतली. टीव्हीच्या रिमोटमधल्या इन्फ्रारेडची जेमतेम एक मायक्रोमीटर. धुक्याचे थेंब बहुतेकदा दहा-वीस मायक्रोमीटरचे. एवढ्या धिप्पाड गड्यासमोर दोघीही बारक्याच, त्यामुळे तो दोघींनाही सारखंच उधळून लावतो.

धुराचे कण मात्र बहुतांशी मायक्रोमीटरहून लहान, लांब लहरीच्या इन्फ्रारेडला ते फारसे अडवू शकत नाहीत. म्हणून धुराने भरलेल्या खोलीत अग्निशमन दलाच्या जवानांना थर्मल कॅमेऱ्यातून माणूस दिसतो. अवकाशातली धूळही अशीच बारीक. २०२२ मध्ये वेब दुर्बिणीने सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या गरुड तेजोमेघातल्या धुळीआडचे तारे टिपले, ते इन्फ्रारेडच्याच जोरावर. आणि इकडे जानेवारीच्या पहाटे दिल्लीत समोरची धावपट्टी दिसत नाही!

थर्मल कॅमेऱ्याची लहर ८ ते १४ मायक्रोमीटरची. धुकं विरळ असेल तर तिचा फायदा होतो. दाट धुक्यात तिची गाठ स्वतःच्याच मापाच्या थेंबांशी पडते, वर पाणी हे किरण शोषूनही घेतं. गाडीतल्या रडारला ही अडचण नाही. त्याची लहर सुमारे ४ मिलिमीटरची, तिच्यापुढे थेंब म्हणजे चिल्लर.

विमानांतल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांची तर वेगळीच गंमत झाली. धावपट्टीचे जुने दिवे चांगलेच तापायचे, त्यामुळे या कॅमेऱ्यांना ते ठळक दिसत. मग वीज वाचवणारे एलईडी आले. वैमानिकाच्या डोळ्यांना लख्ख, कॅमेऱ्याला जवळपास अंधार! आता काही ठिकाणी एलईडीच्या जोडीला मुद्दाम इन्फ्रारेड सोडणारे दिवे बसवतात.

आणि खरी मेख पुढेच आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता इन्फ्रारेडच्या रूपात आकाशात सोडत गार पडते, तिच्यालगतची दमट हवा गारठते आणि धुकं धरतं. म्हणजे ज्या धुक्यापुढे इन्फ्रारेड हात टेकतं, ते घडवतंही तेच. उलट ढग आले की ते ही उष्णता अडवून खाली परत पाठवतात. ऐन डिसेंबरात आभाळ भरलं की निफाडची थंडी पळते, ती त्यामुळेच.