मावशीसाठी वन बीएचके

लायब्ररी, योगा हॉल, चोवीस तास नर्स आणि बाथरूममध्ये धोक्याची घंटा. सीनियर लिव्हिंगचं ब्रोशर बघून आपल्याला एकदम हायसं वाटतं. पण तिथे राहायला जाणाऱ्या माणसाला?

शनिवारची दुपार. माझ्या वयाची मंडळी अशा वेळी कॉफी शॉपमध्ये असतात, नाहीतर सिंहगडावर. मी पुण्याच्या पार टोकाला, एका सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये उभी होते. शेजारी लातूरची मावशी. वय ७१, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली. समोर टाय लावलेला सेल्स एक्झिक्युटिव्ह. कमोडशेजारचा स्टीलचा दांडा हलवून दाखवत तो म्हणाला, ‘‘मॅम, ॲन्टी-स्किड टाइल्स आहेत. ही लाल दोरी ओढली की दोन मिनिटांत नर्स हजर. तुम्ही ऑफिसमध्ये बिनधास्त काम करा, नो टेन्शन!’’

गंमत म्हणजे हे सगळं तो मला सांगत होता. मावशीकडे त्याने एकदाच बघितलं, वय विचारायला.

मावशीने दोरी ओढून बघितली. सॅम्पल फ्लॅट असल्यामुळे कोणीच आलं नाही.

आम्ही तिथे कशा पोचलो, ते आधी सांगते. जानेवारीतल्या एका पहाटे मावशी लातूरच्या घरात बाथरूममध्ये घसरून पडली. काकांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. घरात ती एकटी, दाराला आतून कडी. अडीच तासांनी दूधवाला आला, हाकेला उत्तर येईना म्हणून त्याने शेजारणीला उठवलं, तिच्या मुलाने भिंतीवरून उडी मारली. मनगट मोडलं होतं. खुबा वाचला हे नशीब. दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, न्यू जर्सीत. आणि मी? माझा फोन सायलेंटवर होता. उठून बघितलं तर नऊ मिस्ड कॉल.

आठवड्याभरात दादाने वॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. ‘तू पुण्यात आहेस, जरा बघून ये ना.’

वृद्धाश्रम नव्हे हं!

सीनियर लिव्हिंग म्हणजे वृद्धाश्रम नाही, हे सगळ्यात आधी सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. वृद्धाश्रमात कॉट मिळते, इथे स्वतःचा फ्लॅट. स्वतःची किल्ली, स्वतःचं किचन, कंटाळा आला तर खाली डायनिंग हॉल. पुण्यात परांजपे स्कीम्सचं ‘अथश्री’ हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी फाउंडेशनने अशीच एक वसाहत उभी केली. आता तर बऱ्याच बिल्डर्सना हा फंडा सापडलाय.

इतका, की २०२४ मध्ये महारेराला अशा प्रोजेक्ट्ससाठी वेगळे नियम करावे लागले. ‘ज्येष्ठांसाठी’ अशी जाहिरात करायची असेल तर एकापेक्षा जास्त मजले असलेल्या इमारतीला लिफ्ट हवी, व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे हवेत, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी हवी, पायऱ्यांच्या जोडीला रॅम्प हवा. म्हणजे आमचा सेल्सवाला ज्या टाइल्सचं एवढं कौतुक करत होता, ती काही मेहेरबानी नव्हती. मोजायची टेप सोबत न्या, आम्ही नेली होती. (मावशीने नेली होती. मला असलं सुचत नाही.)

आणि खरं सांगू? मावशीला ती जागा आवडली. लायब्ररीत तिने अर्धा तास काढला. खाली चार बायका रमी खेळत बसल्या होत्या, त्यांनी तिला पाचवी म्हणून बसवून घेतलं. परत येताना ती म्हणाली, ‘‘एकीनेही विचारलं नाही, मुलगा कधी येणार म्हणून.’’ लातूरमध्ये हा प्रश्न तिला दिवसातून तीनदा ऐकावा लागतो. भाजीवाल्यासकट.

लाल दोरीच्या पलीकडे

मग मावशीने शाळेतल्या इन्स्पेक्शनच्या आवाजात विचारलं, ‘‘मी अंथरुणाला खिळले तर?’’

एक्झिक्युटिव्हने ब्रोशर उलटंपालटं केलं. हॉस्पिटलशी टाय-अप आहे म्हणाला. मावशी म्हणाली, हॉस्पिटलातून परत आल्यावर काय? मग हळूहळू बाहेर आलं. केअरटेकर लागली तर ती आपण ठेवायची, पगार आपला. स्मृतिभ्रंशासारखं काही झालं, एकटं राहणं जमेनासं झालं, तर ‘फॅमिलीशी डिस्कस करून’ दुसऱ्या केंद्रात हलवतात. म्हणजे ज्याच्या भीतीने आपण तिथे जातो, नेमकं ते झालं की पुन्हा बॅगा भरायच्या! सगळीकडे असंच असतं असं नाही. काही ठिकाणी स्वतःच्या पायावर चालणाऱ्यांसाठी एक विंग आणि आधार लागणाऱ्यांसाठी दुसरी, अशी सोय असते. पण हे ब्रोशरच्या चकचकीत पानावर नसतं, करारात असतं. करार घरी आणून वाचा.

पैशाचंही तसंच. कुठे फ्लॅट आपल्या नावावर होतो, पण पुढे विकायचा तर गिऱ्हाईक ज्येष्ठच हवं. कुठे मोठं डिपॉझिट भरून नुसता राहण्याचा हक्क मिळतो. आपण गेल्यावर किंवा सोडल्यावर डिपॉझिट परत मिळतं, पण किती कापून आणि किती महिन्यांनी, ते आधी लिहून घ्यावं लागतं. मेंटेनन्स वेगळा, जेवण वेगळं, आणि दोन्ही दरवर्षी वाढणार. मावशीची पेन्शन महागाईभत्त्याबरोबर वाढते म्हणून तिचा हिशेब कसाबसा बसतो. पण फ्लॅट घ्यायचा तर लातूरचं घर विकावं लागेल, आणि एकदा विकलं की परतीचा रस्ता बंद.

७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कव्हर मिळतं, उत्पन्न कितीही असो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते सुरू झालं. पण ते ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. रात्री पाणी द्यायला ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

‘तिला काय कोणी नाही का?’

नंतरच्या वीकएण्डला मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लातूर गाठलं आणि तिथून मावशीला घेऊन एसटीने नांदेडला, आमच्या घरी. तीन-साडेतीन तास. एसटीत मावशीला अर्धं तिकीट. ‘‘पंच्याहत्तरीनंतर फुकट,’’ ती कंडक्टरकडे बघत म्हणाली, ‘‘तोपर्यंत तरी जगावंच लागतंय.’’

पुण्याच्या फेरीची बातमी घरी पोचली होतीच. बाबा आल्या आल्या म्हणाले, ‘‘तिला काय कोणी नाही का?’’ आई म्हणाली, ‘‘माझ्याकडे राहील ती.’’ मावशी शांतपणे म्हणाली, ‘‘बहिणीच्या घरी चार दिवस लाड होतात गं. पाचव्या दिवशी आपणच चहाचं भांडं घासायला उठतो.’’

आमच्या दोन्ही शहरांत मी ओळखीपाळखीच्या दहा-बारा लोकांना विचारलं, इथेच असं काही आहे का? प्रत्येकाने वृद्धाश्रमाचाच पत्ता दिला, आणि तोही आवाज खाली करून. १९९५ मध्ये युतीच्या सरकारने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचलाय, पण तो उच्चारताना अजूनही कोणीतरी गेल्यासारखं तोंड करतात. २००७ च्या कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी निवासाची सोय सांगितली आहे. थोडक्यात, ज्याचं काहीच नाही त्याच्यासाठी कायद्यात एक ओळ आहे, भरपूर आहे त्याच्यासाठी पुणे आहे. पेन्शन आणि एक जुनं घर असलेल्या मास्तरणीने कुठे जायचं?

त्याच कायद्यातली एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. मुलांना घर बक्षीस देताना ‘शेवटपर्यंत सांभाळ करावा’ अशी अट बक्षीसपत्रात लिहून ठेवली आणि ती पाळली गेली नाही, तर उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मावशीला हे पाठ होतं. दादाला नव्हतं.

संध्याकाळी आम्ही सगळे गुरुद्वाऱ्यात गेलो. नांदेडकरांची ही सवयच आहे, धर्म कुठलाही असो. लंगरच्या बाजूला बरीच वयस्कर माणसं खाली बसून भाजी निवडत होती, गप्पा हाणत होती. ब्रोशरमध्ये यालाच ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात बहुतेक.

परतताना बाबा मुद्दाम मागे रेंगाळले. आई आणि मावशी पुढे गेल्याचं बघून मला हळूच विचारलं, ‘‘महिन्याला किती घेतात म्हणे?’’

बाबा ६१ वर्षांचे आहेत. मी रात्रभर जागीच होते.

घर लई चांगलं होतं गं

मावशी पुण्याला नको म्हणते ते जुनाट विचारांमुळे, असं मला आधी वाटायचं. लातूरला परत गेल्यावर तिने एक गोष्ट सांगितली. तिचं सासर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. तिच्या सासूबाईंनाही नव्या गावात पक्कं घर मिळालं, पुढे अंगण, सरळ रुंद रस्ते. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, नव्या गावात शेजारीण चार गल्ल्या पलीकडे गेली. सासूबाई दुपारी रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या, कोणी दिसतंय का बघत.

‘‘घर लई चांगलं होतं गं,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण त्या तिथं पाहुण्यासारख्याच राहिल्या.’’

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा काका आजारी होते. हंडे शेजारच्यांनीच भरून आणले. गंजगोलाईत तिला दहा दुकानदार ‘बाई’ म्हणून हाक मारतात, त्यातले निम्मे तिच्या हातचा मार खाल्लेले.

सगळं खरं. पण मी तिच्या गल्लीत उभी राहून घरं मोजली. चौदापैकी पाच घरांना कुलूप, मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादला. उरलेल्यांपैकी चार घरांची होस्टेलं झालीत, लातूर पॅटर्नची कृपा. हंडे भरून आणणाऱ्यांपैकी एकच कुटुंब उरलंय. ‘आपली माणसं’ म्हणून आपण ज्यांच्या भरवशावर आई-बाबांना गावी ठेवतो, ती माणसंही म्हातारी झालीत किंवा गेलीत. जानेवारीत मावशी अडीच तास फरशीवर पडून होती, ती याच गल्लीत. मी तिला हे बोलून दाखवलं. तिने वाद घातला नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. ‘‘काय करूलालीस? ऐक.’’ तिने गल्लीतल्याच प्लंबरकडून बाथरूममध्ये दांडे बसवून घेतले होते. कडी काढून बाहेरूनही उघडणारं लॅच लावलं, एक किल्ली शेजारणीकडे. वरच्या खोलीत परभणीच्या दोन मुली ठेवल्या, नीटची तयारी करणाऱ्या. भाडं निम्मं, बदल्यात रात्री जेवायला खाली यायचं आणि सकाळी सहाला हाक मारायची. सगळा खर्च मिळून पुण्याच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा कमी. दादा वैतागला. म्हणाला, परीक्षा झाली की त्या मुली जाणार, मग? त्याचंही बरोबरच आहे.

म्हणून मावशीने दुसरीही तयारी ठेवली आहे. बरीच प्रोजेक्ट्स महिनाभर ‘ट्रायल स्टे’ देतात, आधी घर विकायची गरज नसते. दिवाळीनंतरचा महिना तिने बुक केला आहे. रमीवाल्या बायकांपैकी एकीचा नंबर तिने पहिल्याच दिवशी घेतला होता, हे मला आता कळलं. महिनाभर राहून मगच बोलेन, म्हणते. तोवर कोणी तिच्या घराला गिऱ्हाईक आणायचं नाही.

बुकिंगचा फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. ‘तातडीच्या वेळी संपर्क’ या रकान्यात मी दादाचं नाव लिहायला लागले, तर तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझा नंबर लिहिला. पुढचा रकाना नात्याचा. पती, मुलगा, मुलगी, इतर. भाचीसाठी ऑप्शनच नव्हता. तिने ‘इतर’वर टिक केली.

‘‘आता फोन सायलेंटवर ठेवत जाऊ नकोस,’’ एवढंच म्हणाली.