गेंटिंग हायलँड्स : कॅसिनोच्या जोरावर उभा राहिलेला डोंगर

मलेशिया-सिंगापूरच्या टूरमध्ये गेंटिंग हायलँड्सचा एक दिवस ठरलेलाच असतो. केबल कार, थंड हवा, मुलांची धमाल. पण यामागे कॅसिनोचा पैसा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

१९६० च्या दशकात लिम गोह टाँग या कंत्राटदाराने क्वालालंपूरजवळ सुमारे ६,००० फुटांवर थंड हवेचं ठिकाण उभारायचं ठरवलं. जंगलातून रस्ता काढण्यातच चारेक वर्षं गेली. १९६९ मध्ये पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी पायाभरणी केली. दुर्गम भागाला चालना मिळावी म्हणून कॅसिनोचा परवानाही मिळाला. आजही देशातला हा एकमेव कायदेशीर कॅसिनो. १९७१ मध्ये पहिलं हॉटेल सुरू झालं, पुढे थीम पार्क आले, आणि एकट्या फर्स्ट वर्ल्ड हॉटेलात ७,३५१ खोल्या!

मुस्लिमबहुल देश असल्याने कॅसिनोत मुस्लिमांना मनाई आहे. बाकीचा रिसॉर्ट मात्र सर्वांना खुला.

याच समूहाने २०१० मध्ये सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर रिसॉर्ट काढला. तिथे सिंगापूरच्या नागरिकाला कॅसिनोत एक दिवस जायचं तर आधी १०० आणि २०१९ पासून १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. आपल्यासारख्या टूरवाल्यांना प्रवेश फुकट!