एम्प्रेस मिल : औदार्याचा आणि मजुरीचा हिशेब

निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई या सोयी एम्प्रेस मिलने सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी दिल्या, म्हणून तेथे मालक-मजुरांत आरंभापासून सलोखाच नांदला, ही समजूत नागपुरात अजून आदराने बाळगली जाते. तिचा पूर्वार्ध यथार्थ असला, तरी उत्तरार्ध कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही दिल्ली दरबारात फिरली त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 रोजी, गिरणी सुरू झाली, आणि मजुरीच्या दरावरून तिच्यात झालेला संप, जो हिंदुस्थानातील आद्य संपांत गणला जातो, तोही त्याच वर्षीचा. निवृत्तिवेतन निधी आला 1886 मध्ये, अपघातभरपाई 1895 मध्ये. गिरणीचे संस्थापक जमशेटजी टाटा यांचे औदार्य यामुळे खोटे ठरत नाही. मात्र तक्रार आधीची आणि सवलत नंतरची, एवढे ध्यानात ठेवावे. 

गिरणीनेच कोष्ट्यांचे माग बुडवले, हा आरोपही अर्धवट आहे. 1867 मध्ये नागपुरास रेल्वे पोहोचली ती विलायती सूत आणि कापड घेऊनच. हातमागाची पडझड गिरणीच्या आधीच सुरू झाली होती, आणि तरीही रुंद काठांची लुगडी विणणारे माग पुढे कैक वर्षे चालू राहिले.

कारखान्याच्या फाटकापाशी जात गळून पडते, हा तिसरा गैरसमज मला सर्वांत चिवट वाटतो. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तेवढ्या विटाळाच्या सबबीवर अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद असे. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे सूतकताईचे खाते येई. नागपूरच्या गिरण्यांतही महार कामगार मोठ्या संख्येने होते, आणि भेदाचा जाच कारखान्यात शिरल्याने सुटला नाही. परंतु गावकीच्या बलुत्याऐवजी हाती पडणारा रोख पगार ही लहानसहान गोष्ट नव्हती. त्या पगारातून वस्तीतल्या मुलांची शाळेची फी भागली, सभांना वर्गणी गेली, आणि 1920 च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, ती नागपुरातच.