खैर, कात आणि टॅनिन: काही रुजलेले गैरसमज

पेणच्या रामवाडीकडून रोह्याच्या दिशेने डोंगरकडेला निघालं की खैराची काटेरी झाडं आणि कातकरी वाड्या दोन्ही भेटतात. कातकऱ्यांना नावच कात काढण्याच्या धंद्यावरून मिळालं. तरी कात नेमका कसा होतो, याबद्दल इथेही चुकीच्या समजुती आहेत.

पहिली समजूत, कात हा खैराचा डिंक. खैराला डिंक येतो, पण कात येतो लाकडाच्या गाभ्यातून. तोडलेल्या झाडाची साल आणि बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकतात. आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत पाणी घालून उकळतात, अर्क गाळतात आणि पुन्हा आटवतात. लोखंडी भांडं कटाक्षाने टाळतात, कारण अर्कातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोहाशी गाठ पडली की काळा रंग धरतो आणि माल बिघडतो. हिरड्यापासून काळी शाई करत, ती याच गुणाच्या जोरावर.

दुसरी समजूत जास्त पसरलेली: कात म्हणजेच टॅनिन. दाट अर्क निवला की त्यातल्या कॅटेचिन या वेगळ्या द्रव्याचे कण खाली बसतात. गार पाण्यात ते फारसे विरघळत नाहीत. ते गाळून, दाबून, वड्या पाडून सावलीत वाळवले की पानात घालायचा कात तयार. टॅनिनचा मोठा भाग मात्र वर राहिलेल्या तांबूस पाण्यात असतो. ते आटवून मिळणाऱ्या काळपट घन पदार्थाला व्यापारात कच म्हणतात. एकाच भट्टीतून खाण्याचा माल आणि कारखान्याचा माल असे दोन्ही निघतात.

हा कारखान्याचा माल फक्त चामड्यासाठी असतो, असंही नाही. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही, हे खरं. पण आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. नायलॉन येण्याआधी सुती जाळी आणि शिडं टिकावीत म्हणून ती कचाच्या पाण्यात बुडवत. कापडाला खाकी-तपकिरी रंग त्याचाच. तेलविहिरी खोदताना वापरायचा चिखल पातळ ठेवायला टॅनिन लागतं. अर्जेंटिना-पॅराग्वेतल्या क्वेब्राको लाकडाच्या आणि वॉटल झाडाच्या सालीच्या टॅनिनपासून प्लायवुडचा डिंकही करतात. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावचे आदिवासी हिरडा गोळा करतात, तेही टॅनिनचं फळ. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही.

झाडापासूनचं म्हणजे निर्धोक, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. टॅनिनचं सांडपाणी ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. पानाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही कर्करोगकारक असल्याचं प्रसिद्ध केलं.

राहिला कातकऱ्यांवरचा आरोप, की खैर त्यांनीच संपवला. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, तसा हा धंदा त्यांच्या हातून सुटला आणि ते कोळसाभट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर मजुरीला गेले. त्यानंतरच्या तोडीचा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

आपल्या मालकीच्या रानात खैर असेल तर एवढं ध्यानात ठेवा: 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तो आहे. कुऱ्हाड लावण्याआधी वन खात्याची परवानगी घ्या.