छत्रीवर साय धरली का?

7 ते 14 फेब्रुवारी हा जन्मजात हृदयदोष जागृतीचा आठवडा. या दिवसांत आम्ही छापतो ती बातमी ठरलेली असते: इतक्या बालकांच्या हृदयाचं छिद्र विनाटाका बंद. पाच-दहा वर्षांनी त्यातली किती मुलं पुन्हा हृदयाच्या इको तपासणीला आली, हे मात्र आम्ही विचारत नाही. मला ही चूक मोठी वाटते.

हुपरीत हा विषय चटकन समजतो. इथं घरोघरी पैंजणाच्या कड्या जुळतात, भोकांच्या पट्टीतून ओढून चांदीची तार बारीक होते. हृदयातलं छिद्र बुजवणारी ‘छत्री’ हेही तारकामच. निकेल-टायटॅनियमच्या तारांनी विणलेल्या दोन चकत्या, आत पॉलिएस्टरचं कापड. नायटिनॉल नावाचा हा मिश्रधातू आपला आकार विसरत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळीत ताणून नेलेली जाळी बाहेर पडली की पुन्हा चकती होते. 1975 मध्ये अमेरिकेत किंग आणि मिल्स यांनी 17 वर्षांच्या मुलीच्या हृदयात पहिली छत्री बसवली. आज सर्वाधिक परिचित असलेल्या, कर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांच्या जाळीला तिथं 2001 मध्ये मान्यता मिळाली.

रक्ताला मात्र ती परकीच. उघड्या धातूवर गुठळी धरू शकते, म्हणून साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिन देतात. तेवढ्यात दुधावर साय धरावी तसं हृदयाचं अस्तर जाळीवर पसरतं. काहींत ती साय अपुरी धरते, मधला स्क्रू किंवा कडेची तार उघडी राहते. पुढं कधी ठोके अनियमित झाले, वरच्या कप्प्यात रक्त घुटमळू लागलं, की गुठळीला जागा तयारच असते. डाव्या बाजूची गुठळी सुटली तर मेंदूत जाऊ शकते.

जर्मनीत फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी 1000 रुग्ण तपासून 2004 मध्ये निष्कर्ष मांडले. 20 जणांच्या छत्रीवर गुठळी सापडली. 14 जणांत चार आठवड्यांच्या तपासणीत, सहा जणांत त्यानंतर. 17 जणांची गुठळी रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी विरघळली, तिघांना शस्त्रक्रिया लागली. अ‍ॅम्प्लाट्झ जाळीवर त्या वेळी एकही गुठळी नव्हती. हे शून्य पुढं फार मिरवलं गेलं, असं माझं मत. त्याच जाळीवर काही वर्षांनंतर गुठळी झालेले रुग्ण नंतर वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.

धोका कमी आहे, आणि छिद्र उघडं ठेवणं त्याहून वाईट. छत्री बसवायला घाबरू नका, हे मी ठामपणे लिहितो. माझी तक्रार पुढच्या विसरण्याबद्दल आहे. हुपरीतल्या एका घरी घुंगरू जोडता जोडता आई म्हणाली, “भोक बुजलं की ओ! आता कशाला दवाखाना?” मुलगी समोर दोरीवरच्या उड्या मारत होती. अशा आईला दोष कसा द्यायचा? उद्या हीच मुलगी सासरी जाईल, तिला दिवस जातील. तिथल्या डॉक्टरला छत्रीची गोष्ट कोण सांगणार?

छत्रीसोबत मिळालेलं कार्ड जपून ठेवा, त्याचा फोटो मुलांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. पहिल्या वर्षानंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा इको करा. छाती धडधडू लागली तर ईसीजी काढा. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर लगेच 108ला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच सांगा: हृदयात छत्री आहे.